मुक्कामी जामीनदार

कोल्हापूरच्या कोर्टातून जामिनावर सुटलेला प्रत्येक माणूस माझ्या बायकोच्या थोरल्या मामांनीच सोडवला, असं कोणी मला सांगितलं तर मी हुज्जत घालणार नाही. फार तर एवढंच म्हणेन, की अधूनमधून एखाददुसरा दुसऱ्या कुणी सोडवला असेल, आणि त्या दिवशी मामांना ताप असेल. मामा एस्टीत कंडक्टर होते. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा ते निवृत्त झाले. खात्यानं त्यांच्याकडून तिकिटांचा ट्रे, पंच आणि चामड्याची पिशवी परत घेतली; आवाज परत घ्यायचा मात्र राहून गेला. तो आवाज घेऊन ते देवळाच्या रांगेत उभे राहिले की रांग आपोआप पुढे सरकत असे. आमच्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी "पुढं सरका, मागं लई मोकळं हाय" अशी दोन्ही बाजूंनी एकाच वेळी व्यवस्था लावली होती आणि वाढपी ताटं घेऊन भिंतीला चिकटले होते. मी त्या वेळी नुकताच काळा कोट चढवला होता. पक्षकार कमी आणि भूक जास्त असे ते दिवस, त्यामुळे बायको दुपारचा डबा मामांच्या हाती कोर्टात पाठवायची. मामांनाही निवृत्तीनंतर रोज एक फेरी हवीच होती. असे ते डबा घेऊन कोर्टात आले आणि तिथलेच झाले.

कोर्टानं जामीन मंजूर केला म्हणजे माणूस सुटला, असा लोकांचा समज असतो. कोर्ट फक्त दार उघडायला परवानगी देतं. ते दार धरून उभा राहणारा माणूस बाहेरून आणावा लागतो. आरोपी स्वतःचा जातमुचलका लिहून देतो, पण त्याच्या शब्दावर कोर्टाचा पूर्ण विश्वास असता तर त्याला आत कशाला ठेवलं असतं? म्हणून जामीनदार लागतो. तो लिहून देतो, की हा माणूस प्रत्येक तारखेला हजर राहील. न राहिला तर ठरलेली रक्कम मी भरीन. मी न भरली तर माझ्या घरादारातून वसूल करा. त्यासाठी घराचा उतारा, घरफाळ्याची पावती, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला, रेशनकार्ड असं सगळं मांडावं लागतं. गडहिंग्लजच्या पलीकडच्या खेड्यातल्या एका तरुणाला मारामारीच्या खटल्यात मी असाच जामीन मिळवला होता आणि त्याचा सख्खा चुलता जामीनदार म्हणून आला होता. कागदावरचं ते "घरादारातून" वाक्य मी त्याला वाचून दाखवलं. तो "आलोच जरा मोरीवर जाऊन" म्हणून उठला आणि थेट गडहिंग्लजच्या स्टँडवर उतरला.

मामा शेजारी डबा घेऊन बसले होते. चुलत्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी पाहिलं आणि मला विचारलं, "जावईबापू, ह्यात नेमकं करायचं काय असतंय?" मी घाईत होतो. म्हटलं, दर तारखेला त्याला इथं आणायची जबाबदारी आपल्यावर, दुसरं काही नाही.

"म्हंजे एकदा गाडीत घेतला, की शेवटच्या स्टॉपापर्यंत पावणा आपला."

"तसंच समजा."

"मग मी हाय की," मामा म्हणाले.

कागद गोळा होऊन सही झाली तेव्हा मामांनी हात वर केला, कोर्टाच्या छताजवळची कुणालाच न दिसणारी घंटीची दोरी दोनदा ओढली, आणि म्हणाले, "हं, जाऊ द्या." बेंचक्लार्कनं वर पाहिलं. पुढे त्याला सवय झाली.

मी "तसंच समजा" म्हटलं ते मामांनी फारच मनावर घेतलं. इतर जामीनदार सही करतात आणि आरोपीचं तोंड पुन्हा बघावं लागू नये अशी प्रार्थना करतात. मामांनी जामिनाची एक स्वतंत्र पद्धत बसवली, आणि ती सगळी एस्टीतून आणली होती. दिवसाची शेवटची गाडी खेड्यात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात आणि पहाटे तीच गाडी माणसं घेऊन परत निघते, तिला मुक्कामी गाडी म्हणतात. मामांची निम्मी नोकरी मुक्कामी गाडीवर झाली होती. त्यामुळे तारखेच्या आदल्या संध्याकाळी ते पिशवीत धोतर, टॉवेल आणि लिंबं घालून आरोपीच्या गावी मुक्कामाला जात. आरोपीच्या घरी जेवत, आरोपीच्या ओट्यावर झोपत आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं त्याला घेऊन कोर्टात हजर होत. कोर्टाचा शिपाई अजून कुलूप काढत असायचा. प्रत्येक आरोपीला त्यांची एकच सक्त ताकीद असे: "मी येईपर्यंत जाग्यावरनं हलायचं न्हाय."

हुपरीला चांदीचे पैंजण घडवणारा एक कारागीर होता. शेजाऱ्याचं डोकं फोडल्याचा त्याच्यावर आरोप. हुपरीला कोल्हापुरातून उठता बसता गाड्या आहेत, सकाळी निघूनही पोचता येतं, हे मी मामांना पुष्कळ समजावलं. "पद्धत ती पद्धत," म्हणाले. त्या कारागिराच्या घरात आदल्या संध्याकाळी एरवी बाटली यायची, ती मामांच्या मुक्कामामुळे यायची बंद झाली. पुढे त्याची बायको एकदा मला कोर्टाच्या आवारात गाठून हळूच म्हणाली, "वकीलसाहेब, तारखा जरा जवळजवळच्या घेता येत न्हाईत व्हय?" वकिलीत तशी विनंती मला पहिल्यांदाच आली होती.

कुणी काय गुन्हा केलाय हे मामांनी कधीही विचारलं नाही. मला ते विचित्र वाटायचं. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: "तिकीट काढलेल्या माणसाला कशाला चाललाईस म्हणून इचारायचं नसतंय. कुठं उतरणार, एवढंच इचारायचं." आरोपीला ते फक्त एक प्रश्न विचारत, आणि तोही अत्यंत गंभीरपणे: "गाडी लागती का?" लागत असेल तर खिशातून लिंबू निघे आणि खिडकीजवळची जागा ठरे. या प्रश्नाचं मूळ त्यांच्या घरात होतं. जन्मभर एस्टीत काढलेल्या या माणसाच्या बायकोला, म्हणजे आमच्या मामींना, एस्टी लागायची. स्टँडवरचा डिझेलचा वास आला तरी त्यांचा चेहरा उतरे. कंडक्टरच्या बायकोला मिळणारा फुकट प्रवास मामींनी आयुष्यात जवळजवळ वापरलाच नाही, आणि खिशात लिंबू ठेवायची सवय मामांना लागली ती कायमची.

आता ज्या घराच्या जोरावर मामा जगाला सोडवत होते त्या घराबद्दल सांगायला हवं. शनिवार पेठेतल्या एका बोळात दोन खोल्या, पुढे पडवी आणि पडवीच्या कोपऱ्यात पेरूचं झाड. फंडातून घेतलेल्या या जागेच्या भिंती मामांच्या होत्या, पण खिडकी कुठं असावी, चुलीचा धूर कुठून जावा, झाड ठेवावं की तोडावं, हे सगळं मामींनी ठरवलं होतं. त्यांच्या लेखी जगात एवढी एकच वस्तू होती जी हलत नव्हती. तिच्यावर दर थोड्या दिवसांनी एक नवा आरोपी येऊन बसायचा. एकाच घरावर त्याच्या ऐपतीबाहेर जामीन चढू नयेत म्हणून कोर्ट रेशनकार्डाच्या पाठीवर प्रत्येक जामिनाचा शिक्का मारतं. मामांच्या कार्डाची पाठ शिक्क्यांनी इतकी भरली, की रेशनदुकानदार कार्ड उलटून विचारायचा, "मामा, रॉकेल पायजे का जामीन?" मामा हसायचे. मामी हसायच्या नाहीत. "एक कुणी पळाला तर आपुन कुठं जायाचं? तुमच्या मुक्कामी गाडीत?" असं त्या विचारायच्या. "पळत न्हाईत गं," एवढंच मामा म्हणायचे.

पैशासाठी जामीन राहणारी माणसं कोर्टाच्या आवारात तेव्हाही असत. चिंचेखाली बसून ती गिऱ्हाइकाची वाट बघत. त्यांच्यातल्या एकानं मामांना बाजूला घेऊन, तुम्ही फुकट राहून आमचा धंदा बसवताय, अशी रीतसर तक्रार केली. मामांनी त्यालाही विचारलं, गाडी लागती का?

नंतर, म्हणजे नवीन शतक सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, इचलकरंजीचा तो माणूस आला. यंत्रमागावर काम करणारा, बिहारकडून आलेला, हाडं मोजून घ्यावीत असा. मालकानं त्याच्यावर सुताचे कोन, म्हणजे मोठी रिळं, चोरल्याची फिर्याद दिली होती. कोर्टानं गरीब आरोपीसाठी फुकट वकील म्हणून मला नेमलं. जामीन पहिल्या अर्जात मंजूर झाला आणि तरीही तो महिनोन् महिने कळंब्याच्या तुरुंगात आतच राहिला, कारण जामीनदार नव्हता. मालक फिर्यादी, सोबतचे कामगार भाड्याच्या खोलीत दाटीनं राहणारे, आणि नातेवाईक दोन दिवसांच्या रेल्वेच्या पलीकडे. चोरी शाबित झाली असती तरी कदाचित तो तेवढ्यात सुटला असता. हे मी एकदा मामांकडे जेवताना सहज बोलून गेलो. मामांनी घास खाली ठेवला.

मामी पहिल्यांदाच माझ्या देखत मोठ्यानं बोलल्या. "हुपरीचा माणूस हुपरीत तरी घावतोय. ह्याचं गाव तुमच्या एस्टीच्या बोर्डावर तरी हाय का? ह्यो गेला तर घर गेलं. मी ह्या वयात कुणाच्या दारात जाऊ?" मला मामींचं म्हणणं सोळा आणे पटलं होतं आणि मी तसं सांगितलंही. मामांनी ताट थोडं पुढे सारलं. मग म्हणाले, "ज्याला स्टँडवर कोण घ्यायला येत न्हाय, त्यालाच कंडक्टर इचारतो, कुठं जायाचं म्हणून. दुसरं कोण इचारणार?" मामींनी ताट उचललं.

कोर्टात न्यायाधीशांनी ते शिक्क्यांचं रेशनकार्ड उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, आजवर किती जणांना जामीन राहिलात?" मामांनी आकडा सांगितला नाही, खबर सांगितली. गडहिंग्लजचा सुटला, आता दुधाचा धंदा करतोय. हुपरीच्याच्या पोरीला न्हाण आलं, बोलावलंवतं, गेलतो. कागलच्याला शिक्षा लागली, पण कागद पाठवतो अधनंमधनं, तब्येत बरी हाय. "एक बी कमी न्हाय साहेब. समदे पोचवल्यात." न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला, पुष्कळ वेळ पुसला, आणि जामीन स्वीकारला. बाहेर आल्यावर मामांनी त्या विणकराला आपला नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "लगती है थोडी." मामांनी त्याच्या हातात लिंबू दिलं आणि दोरी ओढली.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. दुसऱ्या एका मालकानं त्याला कामावर घेतलं होतं. तारखेच्या आदल्या दिवशी मामा इचलकरंजीला जायचे आणि मागाच्या खोलीतच एका कोपऱ्यात पथारी टाकायचे. त्या खडखडाटात झोप कशी लागते, असं मी विचारलं. म्हणाले, झोप छान लागते. मधेच लाइट गेली आणि माग थांबले की जाग येते, गाडी बंद पडल्यासारखं वाटतं. विणकर हळूहळू "हाय", "न्हाय" शिकला. मामींनी घरात त्याचं नाव घेतलं नाही, पण मामांच्या पिशवीत लिंबाबरोबर चटणी-भाकरीची जोडी दोघांना पुरेल इतकी जायला लागली, हे मी पाहत होतो.

मग एका तारखेच्या आदल्या संध्याकाळी मामा इचलकरंजीच्या गाडीसाठी स्टँडवर उभे असताना छातीला हात लावून खाली बसले. जुन्या ओळखीच्या कंडक्टरांनी उचलून दवाखान्यात नेलं. आम्ही सगळे तिकडेच होतो. दुसऱ्या दिवशी मी कोर्टात पोचलो तो पुकारा सुरू झालेला. विणकराच्या नावाचा पुकारा झाला, पुन्हा झाला, आणि व्हरांड्यातून कुणीच आलं नाही. मी मुदत मागितली. न्यायाधीशांनी कागदावरचं आरोपीचं मूळ गाव वाचलं आणि पकड वॉरंट काढलं. जामीनदारालाही नोटीस काढली: आरोपीला हजर करा, नाहीतर रक्कम तुमच्याकडून का वसूल करू नये ते सांगा. मी दवाखान्याच्या पायऱ्या चढलो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पेरूचं झाड होतं. मामींना माझा चेहरा पुरला. त्या कॉटजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "पळाला तुमचा पावणा."

मामांचा आवाज पहिल्यांदाच बारीक ऐकू आला. "पळंल कसा? गाडीच गेली न्हाय, तर पावणा कुठनं येणार? जावईबापू, तिथंच असंल बगा. न्हाईतर मी जातो." आणि ते खरंच पाय खाली सोडू लागले. डॉक्टर धावले. मामा आत अडकलेले आणि बाहेर सोडायला कुणी तयार नाही, असा तो देखावा होता. त्यांना कॉटवर ठेवण्यासाठी म्हणून मी इचलकरंजीला निघालो. विणकर सापडेल असं मला मुळीच वाटत नव्हतं.

तो मागाच्या खोलीबाहेरच्या दगडी बाकावर बसला होता. धुतलेला, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी, हातात लिंबू. काल संध्याकाळपासून तिथंच बसलाय, जेवायलासुद्धा उठत नाही, असं आतल्या माणसानं सांगितलं. मी त्याच्यावर खेकसलोच. तारीख माहीत होती, कोर्ट माहीत होतं, गाड्या दर तासाला आहेत, मग आला का नाहीस? तो उभा राहिला आणि माझ्या मागे बोळात बघायला लागला, मामा येतात का ते. म्हणाला, "मामा बोले थे, मी येईपर्यंत हलायचं न्हाय. मैं निकल जाता, और इधर मामा आ जाते, मैं नहीं मिलता, तो? उनका घर चला जाता ना, साहब."

मी त्याला काय झालंय ते सांगितलं. गाडीत तो खिडकीजवळ बसून सगळी वाट रडत आला, आणि मी रुमाल देण्यापलीकडे काही करू शकलो नाही. वॉरंट रद्द करायच्या अर्जात मी लिहिलं, की आरोपी हा जामीनदाराची वाट पाहत बसल्यामुळे हजर राहू शकला नाही, आणि सोबत दवाखान्याचा कागद जोडला. न्यायाधीशांनी तो अर्ज दोनदा वाचला. "वकीलसाहेब, हे कारण मी नोकरीत पहिल्यांदा वाचतोय," असं म्हणून त्यांनी वॉरंट आणि नोटीस दोन्ही रद्द केली. संध्याकाळी विणकर दवाखान्यात आला तेव्हा मामा त्याला चांगलेच रागावले. कालपासून जेवला नाहीस म्हणून.

त्यानंतर मामांचा प्रवास बंद झाला आणि पद्धत उलटी झाली. आदल्या संध्याकाळी विणकरच शनिवार पेठेत मुक्कामाला यायचा, पडवीत झोपायचा आणि सकाळी मामांचा हात धरून त्यांना रिक्षानं कोर्टात आणायचा. कोण कुणाला हजर करतंय, हे बेंचक्लार्कलाही सांगता आलं नसतं. शेवटी एके दिवशी तो निर्दोष सुटला. मालकाचे साक्षीदार एकमेकांशी जुळले नाहीत, तेव्हा कोन कुणी चोरले ते आजही कुणाला ठाऊक नाही. मी मामांना आनंदानं सांगितलं, जामीनही संपला, तुम्ही मोकळे. मामांचा हात सवयीनं दोरीकडे वर गेला आणि तसाच राहिला. "म्हंजे आता पुढची तारीख न्हाय?" त्यांनी विचारलं. मला एकदम फार वाईट वाटलं. विणकर जवळच होता. तो म्हणाला, "हाय की, मामा. मी इतवार को येणार."

तो येत राहिला, मामा होते तोवर दर रविवारी आणि मामा गेल्यावरही. मामी एकट्या राहत होत्या. गडहिंग्लजला दिलेली त्यांची मुलगी त्यांना न्यायचं म्हणून मागे लागली होती, आणि एका थंडीत त्या चार महिन्यांसाठी जायला कबूल झाल्या. त्यांना पोचवायला मी गाडी घेऊन गेलो. मामींनी सांगितलं, लागायची ती कुठलीही गाडी लागणारच, मग ह्यांच्या एस्टीनंच जाते. विणकर पिशवी उचलून उभाच होता. त्याच्या खिशाला लिंबाचा फुगवटा आला होता. मामींनी घरात एक फेरी मारली, खिडकी लावली, पेरूच्या झाडाखालचा पालापाचोळा पायानं बाजूला केला आणि दाराला कुलूप घातलं. मी किल्लीसाठी हात पुढे केला. भाचेजावई मी, वकील मी, गावातच राहणारा मी. मामींनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि किल्ली विणकराच्या हातात ठेवली.

"तुमी लई हिंडतासा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "ह्यो हलत न्हाय."

मग आम्ही तिघं चालत स्टँडवर गेलो. त्यानं मामींना खिडकीजवळ बसवलं, लिंबू हातात दिलं आणि स्वतः शेजारी बसला. गाडी निघेपर्यंत मी खाली उभा होतो. कंडक्टर कुणी नवा मुलगा होता. त्यानं दोरी दोनदा ओढली तेव्हा मामींनी नेमकं वर पाहिलं.